आईचा पंच्याहत्तरावा आणि भावाची सहल : एका तारखेची गोष्ट

आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस आम्ही १५ नोव्हेंबर २०२५ रोजी साजरा केला. तिचा जन्म मात्र ८ नोव्हेंबरचा. या सात दिवसांच्या फरकापायी आमच्या घरात जे रुसवे-फुगवे, अर्जविनंत्या आणि हिशेब झाले, ते अशाच पेचात सापडलेल्या कोणाच्या तरी उपयोगी पडतील म्हणून क्रमाने लिहून ठेवत आहे. रकमा मुद्दाम दिलेल्या नाहीत, कारण त्या जागोजागी निराळ्या असतात. प्रमाण तेवढे सांगितले आहे.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते. नोव्हेंबर २०२४ मध्ये आईला चौऱ्याहत्तर पूर्ण झाली, तेव्हा सगळे जमलेले असताना मी म्हणाले होते, की पुढच्या वर्षी मोठा समारंभ करायचा. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि माझ्या मनाने कार्यक्रम ठरला. तारीख मात्र कोणीच उच्चारली नाही. मी ८ नोव्हेंबर गृहीत धरली. धाकट्या भावाने गृहीत धरले, की दरवर्षीप्रमाणे वाढदिवसानंतरचा एखादा सोयीचा रविवार बघितला जाईल. आजवर आम्ही तसेच करत आलो होतो, त्यामुळे त्याचे गृहीतक माझ्यापेक्षा अधिक पुराव्यानिशी होते, हे आज मान्य करते. त्या वेळी केले नव्हते.

जानेवारीत दिनदर्शिका उघडली तर ८ नोव्हेंबरला शनिवार. याचा मला फार आनंद झाला. साध्या वर्षात ३६५ दिवस असतात, म्हणजे बावन्न आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून कोणतीही तारीख दर वर्षी एक वार पुढे सरकते आणि मध्ये २९ फेब्रुवारी आला तर दोन वार. या हिशेबाने ८ नोव्हेंबरचा शनिवार याआधी २०१४ साली आला होता आणि यानंतर थेट २०३१ साली येणार होता, तेव्हा आई एक्क्याऐंशीची असेल. इतका जुळून आलेला योग सोडायचा नाही, अशा थाटात १५ फेब्रुवारीला मी आणि यजमानांनी जाऊन सभागृह ठरवले, भाड्याचा चौथा हिस्सा अनामत म्हणून भरला आणि चार पानी अर्जावर जिथे बोट दाखवले गेले तिथे सह्या केल्या. मागच्या पानावरचे नियम बारीक अक्षरात होते. ते मी वाचले नाहीत. पावती यजमानांच्या नावाने फाडली, कारण पैसे त्यांच्या खात्यातून गेले होते. या दोन्ही गोष्टी पुढे महागात पडणार होत्या.

९ मार्चला, रविवारी सकाळी, कुटुंबाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर मी तारीख जाहीर केली. पुष्कळ अंगठे उमटले. भावाचा मात्र काहीच प्रतिसाद नव्हता. संध्याकाळी त्याचा फोन आला. "ताई, पाच ते अकरा आम्ही बाहेर आहोत. जानेवारीतच बुकिंग झालंय." भावजय, दोन्ही मुले आणि भावजयीच्या माहेरची मंडळी मिळून अकरा जण. त्याला वर्षातून एकदाच सलग रजा मिळते आणि ती जानेवारीतच मंजूर करून घ्यावी लागते. मुक्कामाची जागा मोठ्या सवलतीत मिळालेली, पण रद्द केल्यास एकही पैसा परत न मिळण्याच्या अटीवर. मी गप्प आहे असे पाहून तो म्हणाला, "मग आईलाच आमच्याबरोबर घेऊन जातो ना." वास्तविक ही साधी सूचना होती. मला ती थट्टा वाटली आणि मी फोन ठेवला.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस वाईट गेले. मी बोलत नव्हते, तो बोलत नव्हता, आणि गटावर मावसभावंडे कोणते कपडे घालायचे याची चर्चा करत होती. माझ्या डोक्यात एकच वाक्य घोळत होते : आईच्या पंच्याहत्तरीपेक्षा सहल मोठी झाली का? त्याच्या डोक्यात काय होते ते नंतर कळले : दहा महिने आधी पैसे भरून बसलेल्या माणसाला कोणी विचारलेसुद्धा नाही. दोघांचेही खरे होते, म्हणून तर वाद मिटेना. अशा वेळी मध्यस्थाला बोलावू नये, असे माझे मत झाले आहे. आमच्या एका नातेवाइकांनी सद्भावनेने दोघांना फोन केले आणि माझे बोलणे त्याला व त्याचे मला थोडे तिखट लावून पोहोचवले.

कोंडी फुटली ती भावनेने नव्हे, हिशेबाने. २२ मार्चला, शनिवारी, तो घरी आला. भावजयीनेच त्याला पाठवले होते. आम्ही एका कोऱ्या कागदावर दोन उभे रकाने आखले, एक सहलीचा आणि एक समारंभाचा, आणि प्रत्येकाखाली तीनच गोष्टी लिहायच्या ठरवल्या : आजवर किती पैसे गुंतले, तारीख बदलली तर किती बुडतील आणि न बुडता बदलण्याची शेवटची मुदत कोणती. कोणाचे चुकले हा रकाना नव्हता. सहलीच्या बाजूला मुक्कामाचे पैसे पूर्ण बुडीत होते. प्रवासाची तिकिटे बदलता येत होती, पण प्रत्येक तिकिटामागे बदलाचे शुल्क आणि वर त्या दिवशीच्या भाड्यातला फरक, असे अकरा वेळा. त्याने प्रवास विमाही उतरवला होता, म्हणून आम्ही त्याचे कागद वाचले. आजारपण, अपघात, जवळच्या माणसाचा मृत्यू अशी कारणे त्यात नावानिशी लिहिलेली होती. घरात वाढदिवस आहे हे कारण त्यात बसत नव्हते. विमा घेतला म्हणजे बेत कधीही फिरवता येतो, हा समज अनेकांचा असतो. आमचाही होता.

समारंभाच्या बाजूला लिहिण्यासाठी मी प्रथमच त्या अर्जाचे मागचे पान वाचले. नववा नियम असा होता, की कार्यक्रमाच्या १८० दिवस आधी लेखी अर्ज दिल्यास एकदा विनाशुल्क तारीख बदलता येईल. त्यानंतर अनामत जप्त होईल. बेरीज केली तेव्हा सहल हलवण्याचा तोटा आमच्या अनामतीच्या साधारण तिप्पट निघाला आणि समारंभ हलवण्याचा जवळजवळ शून्य. कागद इतका स्पष्ट बोलत होता, की मला राग आला. आपण बरोबर असूनही आपणच हलायचे, हे पचायला मला ती रात्र लागली.

दुसऱ्या दिवशी आईकडे गेले. हे वाचणाऱ्यांपैकी काहींच्या मनात केव्हापासून प्रश्न आला असेल, की जिचा वाढदिवस तिला विचारले का? नव्हते विचारले. फेब्रुवारीपासून तिला फक्त सांगितले जात होते. मी बरोबर निमंत्रितांची यादी नेली होती, साठ नावांची. आईने चष्मा लावला, शिसपेन्सिल मागितली आणि टोक बोथट आहे म्हणून आधी ती खरवडून घेतली. मग एकेका नावाशी थांबत, तोंडातल्या तोंडात वाचत, ती नावे खोडत गेली. सात नावांवर सलग रेघ मारताना मी अडवले, तेव्हा म्हणाली, "हे तुझ्या ऑफिसातले. यांना माझं नाव तरी ठाऊक आहे का?" यादी चौतीस नावांवर आली. तारखेबद्दल तिचे म्हणणे एवढेच होते, की समारंभ कधीही करा, पण आठ तारखेला मला घरात एकटी ठेवू नका. आणि भाषणे नकोत. तिची भीती समारंभ पुढे जाण्याची नव्हतीच. समारंभ पुढे गेला, की खरा दिवस सगळे विसरून जातील, ही होती.

म्हणून बेताचे दोन भाग केले. आठ तारखेला घरातली मोजकी माणसे. नंतरच्या किंवा आधीच्या शनिवारी सगळे. पर्याय तीन होते : १ नोव्हेंबर, १५ नोव्हेंबर आणि २२ नोव्हेंबर. इथे मला आकडेमोडीची मदत झाली, कारण माझा भाचा गणित शिकतो आणि त्याने मला वेळीच शहाणे केले. समजा, एखाद्या दिवशी प्रत्येक माणूस मोकळा असण्याची शक्यता नव्वद टक्के आहे आणि कोणाच्या अडचणीचा दुसऱ्याच्या अडचणीशी संबंध नाही. तर दहाच्या दहा माणसे मोकळी असण्याची शक्यता सुमारे पस्तीस टक्के उरते आणि चौतिसांच्या चौतीस मोकळे असण्याची तीन टक्क्यांहूनही कमी. म्हणजे सगळ्यांना जमेल अशी तारीख शोधणे हा उद्योगच फसवा. पण ज्यांच्यावाचून कार्यक्रम होणारच नाही अशी दहाच माणसे ठरवली आणि त्यांच्यापुढे एकाऐवजी तीन तारखा ठेवल्या, तर त्यातली निदान एक तरी दहांनाही चालण्याची शक्यता बहात्तर टक्क्यांच्या आसपास जाते. ती दहा नावे आईकडूनच घेतली. माझे नाव तिने चौथ्या क्रमांकावर लिहिले, हे जाता जाता नोंदवते.

तारखा विचारताना एक युक्ती उपयोगी पडली. "कोणती तारीख सोयीची?" असे विचारले, की लोक भिडेखातर "कोणतीही चालेल" म्हणतात आणि ऐन वेळी कळवतात. आम्ही विचारले, "या तिघांतली कोणती अजिबात शक्य नाही?" त्याबरोबर खरी उत्तरे आली. उत्तरासाठी दहा दिवसांची मुदत दिली. चौतिसांपैकी एकोणीस जणांनी तीन दिवसांत कळवले, नऊ जणांनी आठवण केल्यावर आणि उरलेल्या सहा जणांना मी फोन केले. हे सहाही जण सत्तरीच्या पुढचे आहेत आणि त्यांना लेखी प्रश्न पाठवणे हाच मुळात माझा आळस होता.

याच फेरीत एक गोष्ट उघड झाली, जिने माझा उरलासुरला ताठा उतरवला. परदेशी असलेल्या थोरल्या दादाने ८ नोव्हेंबरच्या घोषणेला अंगठा दाखवला होता, पण त्याला रजा बारा तारखेपासूनच मिळणार होती. तो येणारच नव्हता. "तू इतक्या उत्साहात होतीस, मग कशाला मोडता घालायचा," असे त्याने सांगितले. म्हणजे भावाची सहल आड आली नसती, तर समारंभात दादाची खुर्ची रिकामी राहिली असती आणि आम्हाला ते ऑक्टोबरात कळले असते.

१५ नोव्हेंबर ही तारीख दहांपैकी नऊ जणांना जमत होती. न जमणारी होती ती धाकटी मावशी. तिच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख त्याच आठवड्यात होती आणि आठ तारखेलाही तिला एवढा प्रवास झेपणार नव्हता. याला उपाय सापडला नाही. आईने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, की ऑक्टोबरात मीच तिच्याकडे जाऊन राहून येते. ती गेलीही. तरी पंधरा तारखेच्या छायाचित्रात मावशी नाही, आणि ते छायाचित्र आई फारसे काढून बघत नाही.

आता सभागृहाच्या कार्यालयाची हकिकत. एप्रिलच्या मध्याला मी तारीख बदलायला गेले तेव्हा पंधरा तारखेचे मोठे दालन दुसऱ्या कोणासाठी राखून ठेवलेले होते आणि लहान दालन प्रतीक्षायादीवर. नावे चौतिसांवर आल्यामुळे लहान दालन आम्हाला अधिकच सोयीचे होते, म्हणून यादीत नाव घातले आणि सतरा दिवस थांबले. मे उजाडल्यावर दालन मोकळे झाल्याचा फोन आला. पण अर्ज ज्याच्या नावाने पावती त्यानेच द्यायचा, मूळ पावतीसह, आणि ईमेल चालणार नाही. यजमान त्या आठवड्यात कामासाठी परगावी होते. अधिकारपत्र चालेल का, असे विचारले तर चालेल, पण त्यावर त्यांची शाईची सही हवी. सही कुरिअरने मागवली आणि ९ मे रोजी, शुक्रवारी, अर्ज नेऊन दिला.

टेबलामागच्या गृहस्थांनी भिंतीवरची दिनदर्शिका खाली उतरवली आणि पेनाच्या टोपणाने महिना महिना टेकत दिवस मोजायला सुरुवात केली. माझ्या हिशेबाने ८ नोव्हेंबरच्या १८० दिवस आधी १२ मे येतो. त्यांच्या कार्यालयात अर्जाचा दिवस आणि कार्यक्रमाचा दिवस असे दोन्ही सोडून मधले पूर्ण १८० दिवस धरतात, म्हणजे शेवटचा दिवस ११ मे; आणि तो रविवार असल्यामुळे कार्यालय बंद. सोमवारी गेले असते तर अनामत गेली होती. मुदतीचे दिवस कसे मोजतात हे ज्यांचा नियम आहे त्यांनाच विचारावे, आणि जमल्यास त्याहून आठवडाभर आधी जावे. पोचपावतीवर मी तारखेसह शिक्का मागून घेतला. त्यांनी तो थोड्या नाराजीने दिला, पण दिला. लहान दालनाचे भाडे कमी असल्याने अनामतीतली जास्तीची रक्कम अंतिम बिलात वळती होईल, असेही त्यावर लिहून घेतले.

जून ते सप्टेंबर काही विशेष घडले नाही. निमंत्रणे छापली नाहीत, फोनवरून पाठवली. चौतीस माणसांना तेवढे पुरते. ऑक्टोबरच्या अखेरीस जेवणाची माणसे निश्चित करून सांगितली. चौतीसऐवजी बत्तीस सांगितली, कारण ऐन वेळी दोघे-तिघे गळतातच, असा अनुभव सांगणारे पुष्कळ भेटले होते.

८ नोव्हेंबरला घरी आम्ही पाच जण होतो. संध्याकाळी सात वाजता व्हिडिओ कॉल ठरला होता. भावाचे कुटुंब मुक्कामाच्या जागेवरून वेळेवर दिसू लागले, अकराही जण एका चौकटीत कोंबलेले, भावजयीची आई सर्वांत पुढे. दादाचा पत्ता नव्हता. आईने तीनदा विचारले. आठ वाजता तो अवतरला, अगदी शांतपणे, कारण त्याच्या मते तो वेळेवर होता. तो राहतो तिथे २ नोव्हेंबरला घड्याळे एक तास मागे गेली होती आणि आमच्या दोन ठिकाणांमधला फरक त्याने ऑक्टोबरात मोजून ठेवला होता. घड्याळ पुढे-मागे करणाऱ्या देशात आपले माणूस असेल तर वेळ त्याच आठवड्यात पुन्हा ताडून घ्यावी. दादाने मात्र हार मानली नाही. त्याचे म्हणणे, की पृथ्वीवर सर्वांत पुढचे घड्याळ जागतिक प्रमाणवेळेच्या चौदा तास पुढे आणि सर्वांत मागचे बारा तास मागे चालते, म्हणून कोणतीही तारीख या जगात एकूण पन्नास तास हयात असते. तेव्हा आईचा वाढदिवस अजून पुष्कळ शिल्लक आहे. आई म्हणाली, "बरं, मग उद्याही फोन कर." त्याला करावा लागला.

अकरा तारखेला सहलीची मंडळी परतली. मधले तीन दिवस मोकळे ठेवले हे फार बरे झाले, कारण धाकट्या भाच्याला ताप भरला होता आणि तो चौदाला उतरला. पंधरा तारखेला सकाळी भाऊ माझ्याआधी दालनावर हजर होता. आईने हात टेकायला दांडी असलेल्या खुर्च्या मागितल्या होत्या. तिथल्या सगळ्या खुर्च्या बिनहाताच्या निघाल्या. त्याने कार्यालयातून चार हाताच्या खुर्च्या मिळवल्या आणि चारही स्वतः उचलून आणल्या. मार्चमधल्या फोनबद्दल आम्ही बोललो नाही, आजही बोललेलो नाही. एकतीस निमंत्रित आले आणि न बोलावलेले दोघे, म्हणजे तेहतीस, जेवण पुरले. भाषणे झाली नाहीत. दोघांनी प्रयत्न केला, पण आईने हातानेच बसायची खूण केली.

पूर्ण खर्च शंभर धरला तर त्यात दालन अडतीस, जेवण सत्तेचाळीस आणि बाकी किरकोळ पंधरा. तारीख बदलण्यापायी झालेला खर्च, म्हणजे कुरिअर आणि कार्यालयाच्या चार फेऱ्या, या शंभरातल्या एकापेक्षाही कमी भरला. अनामतीतली जास्तीची रक्कम बिलात वळती झाली नाही, कारण बिल करणाऱ्यांना ती नोंद दिसत नव्हती. शिक्क्याची पोचपावती दाखवल्यावर परताव्याचा अर्ज करायला सांगितले. तो १७ नोव्हेंबरला केला, सोबत रद्द केलेला धनादेश जोडून, आणि पुन्हा यजमानांच्याच सहीने. पैसे २९ डिसेंबरला जमा झाले, बेचाळीस दिवसांनी, मध्ये तीन वेळा फोन केल्यावर.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात भावाचा निरोप आला : "ताई, रजा टाकायची आहे. यंदा ८ नोव्हेंबर रविवारी येतोय. तुझं काय ठरलंय?" मी लगेच उत्तर दिले नाही. आईला फोन लावला आणि त्याचा निरोप जसाच्या तसा वाचून दाखवला.

"त्याला विचार," आई म्हणाली, "गेल्या वर्षी मला घेऊन जातो म्हणाला होता, त्याचं काय झालं?"